कोपऱ्यातली सही

मी नीदिया बेल्त्रामीची लेखणी बोलतेय. शाईची नव्हे, काचेच्या पाटीवर चित्र काढणारी. माझं एक टोक रेघ ओढतं, दुसरं पुसतं. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण खरी जागी झाले ती ब्वेनोस आयरेसमध्ये, नीदियाच्या बोटांत.

वीस वर्षं ती छापखान्यात होती. तो बंद पडल्यावर पन्नाशीत ती माझ्याकडून शिकली आणि मी तिच्याकडून. टँगोच्या गाण्यांच्या स्वरलिपीच्या वह्या असतात ना, त्यांची जुन्या थाटाची मुखपृष्ठं आम्ही काढायचो. जुन्या छपाईत लाल रंग काळ्या रेघेपासून केसभर सरकायचा, तसा ती मुद्दाम सरकवायची. कागदाला पिवळटपणा द्यायची, कोपरा झिजवायची. शेवटी खाली डावीकडे बारीक सही करायची. ती सही करताना तिचा श्वास थांबायचा. मला कळायचं.

ही चित्रं कागदावर छापून सान तेल्मो या जुन्या वस्तूंच्या बाजारातला दुकानदार फाउस्तो मेदरानो विकायचा. एक दिवस वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. मागे भिंतीवर आमची चित्रं, आणि खाली मजकूर: आजोबांच्या पेटीत सापडला १९२६ सालचा खजिना!

संध्याकाळी तोच घरी आला, हातात केकचा पुडा. नीदियानं पुडा घेतलाच नाही.

"माझं नाव कुठं गेलं?"

"अगं बाई, तुझ्या नावाला कोण विचारतंय? लोकांना मेलेला चित्रकार हवा असतो."

टेबलावर पाटीत ताजं चित्र उघडं होतं. त्यानं मला उचललं, उलटं केलं आणि तिच्या डोळ्यांदेखत तिची सही पुसली. माझ्याच टोकानं! त्याच्या घामट बोटांची आठवण अजून माझ्या अंगावर आहे.

"आता प्रदर्शनासाठी एक मोठं काढ," तो म्हणाला. "आजोबांचं सर्वांत गाजलेलं. कॅफे, नाचणारं जोडपं, खिडकीबाहेर आपला मोठा रस्ता."

नीदियानं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "काढते."

तीन आठवडे आम्ही राबलो. जोडपं असं उतरलं की बघणाऱ्याचे पाय थिरकावेत. शेवटच्या दिवशी तिनं खिडकीबाहेरच्या धुक्यात, दोन दिव्यांच्या मधोमध, एक उंच टोकदार खांब काढला. फिकट राखाडी. आपल्या शहराचा ओबेलिस्क.

फाउस्तोनं चित्र आलं तसं आधी खालचा डावा कोपरा पाहिला. सही नव्हती. तो खूश झाला. ज्या खांबावरून रोज जातो, त्याच्याकडे माणूस बघतो कुठं?

प्रदर्शनाला मी नीदियाच्या कोटाच्या खिशात होते, टोक बाहेर काढून. हॉल भरलेला. बँडोनियन, म्हणजे टँगोची भात्याची हातपेटी, वाजवायला म्हातारे डॉन साबीनो आले होते. वाजवण्याआधी ते चित्रापुढे उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला.

"फाउस्तो, पोरा, हे कुठल्या सालचं म्हणालास?"

"सव्वीसचं, डॉन साबीनो."

"मी छत्तीस सालचा. हा ओबेलिस्कही छत्तीसचा. आई म्हणायची, तुम्ही दोघं एकदमच रांगायला लागलात." त्यांनी काठीनं खांब दाखवला. "मग दहा वर्षं आधी हा इथं काय करतोय? गर्भात होता का?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळा हॉल. फाउस्तोचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. त्याची नजर गर्दीत नीदियाला शोधत होती. ती पुढे झाली.

"माझ्याकडे काय बघता? आजोबांना विचारा ना."

मला आयुष्यात इतकं गोड काही ऐकायला मिळालं नव्हतं.

लोकांनी चित्रं परत केली. दुकानाचं शटर पडलं. पण आमचंही सोपं गेलं नाही. चित्रं कुणी काढली तेही बाहेर आलं, आणि 'खोटी चित्रं काढणारी' म्हणून नीदियाचं काम सहा महिने बंद होतं. एकदा फाउस्तोचा फोन आला. तो रडत होता. "सांग ना, आपण दोघांनी मिळून केलेली गंमत होती. सगळ्यांवर तुझं नाव घालतो." तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आता माझं टोक बोथट झालंय. नवी लेखणी आलीय, मी पेल्यात उभी असते. कधी कधी नीदिया मला नुसती हातात धरते आणि पुटपुटते, "जास्तच झालं का गं?"

मला तोंड असतं तर म्हणाले असते, अजिबात नाही. तुमचा निरोप घेते. तिला कुणी भेटलात तर माझ्या वतीनं तेवढं सांगा.