ड्रॅगन किती परस?

ड्रॅगनची ताकद वीस ठेवायची की चोवीस, यावरून घरातले दोन शहाणे सकाळपासून भांडत होते, आणि कमलच्या सहा वर्षांच्या चांगुणाने काल दुपारपासून पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता.

एप्रिल महिना, जिंतूरकडचं ऊन. कमल घडोघडी पोरीचे ओठ बघे, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडी. कातडी खरंच हळू बसतेय की आपल्यालाच तसं वाटतंय, हे तिला ठरवता येईना. बी. एस्सी. झालेल्या बाईला एवढंही कळू नये, याचा वेगळा राग. पोरीने दोन काकड्या खाल्ल्या, पण पेला पुढे केला की ओठ घट्ट मिटायची.

नवरा सोनपेठला शाळेवर, यायचा तो शनिवारी. घरात सासरे दत्तराव आणि पुण्याच्या होस्टेलातून सुट्टीला आलेला दीर बन्सीधर. येताना त्याने एक खेळ आणला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. मित्राच्या परदेशी पुस्तकावरून उतरवून घेतलेली एक लांबलचक वही आणि सापशिडीतला फासा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आणि ड्रॅगनशी, म्हणजे आग ओकणाऱ्या पंखवाल्या अजगराशी लढायचं. ड्रॅगनची लांबी, ताकद आधीच वहीत मांडायची. दत्तराव चार दिवसांत असे वीर झाले की म्हशीला पाणी दाखवायचं कामही कमलवर आलं.

"वीस म्हंजी वीस काय? बैल?" दत्तराव विचारत होते.

"नुसता आकडा हाय, बापू."

"नुसता कसा आसंल? आपली जोडी आठ क्विंटल कापूस वढती. वीस बैलांचा म्हण, म्हंजी माणसाला पटतं. आन् लांबी?"

"साठ फूट."

"फूट नगं. परस सांग." विहिरीची खोली मोजायचं माप, उभ्या पुरुषाएवढं. दत्तराव सगळंच त्यात मोजत.

"दहा परस."

"आपली हीर सात परस! लय झाला की रे."

"मामा," कमल दारातून सासऱ्यांना म्हणाली, "पोरगी पाणी पीत नाही."

"पील की. तहान कुणाला सुटलीय?"

"वैनी, तुमचं सायन्स हाय," बन्सीधर वहीतून मान वर न काढता म्हणाला. "लांबी दुप्पट केली तर ताकद किती पट वाढवू?"

"ताकद चौपट, पण वजन आठपट. तुमचा ड्रॅगन उडायचं सोडा, जागचा उठायचाही नाही." बोलून गेल्यावर कमलला स्वतःचीच चीड आली. विचारलं काय आणि आपण उत्तर काय देत बसलो!

"घे! सूनबाईनं बसविला की खाली," दत्तराव मांडीवर थाप मारून हसले.

पायरीवर बसलेली चांगुणा मात्र हसली नाही. "काका, पिल्लू आसताना केवढा आसतो?"

"काल सांगितलं न्हाई का? डोळ्याला दिसत न्हाई एवढा!" बन्सीधर खुलला. "पाण्यात ऱ्हातो. वर्षात दहा परस होतो. पुस्तकातलं लय मिळमिळीत होतं, ह्यो नियम मीच लावलाय."

पोरीने आईकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी आपला डावा पाय गच्च धरला.

कमलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नारू! गेल्या महिन्यात आरोग्य खात्याचा माणूस नारूच्या जंताचं चित्र दाखवून गेला. तेव्हापासून कमलच तर पोरीला दिवसातून दहादा बजावत होती: न गाळता पिऊ नको, पाण्यातून बारीक जीव पोटात जातो, वर्षभर आत वाढतो आणि पायातून हातभर बाहेर येतो. पोरीने आईचा नारू आणि काकाचा ड्रॅगन एकाच भांड्यात ढवळले होते. वीस बैलांचा, दहा परसांचा, तिच्या पायातून.

आग लागो त्या वहीला, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. एकट्या वहीला काय म्हणायचं?

"भावजी, पिल्लू मोठं करा. आत्ताच्या आत्ता."

"आसं मधीच न्हाई करता येत, वैनी. डाव चालू हाय."

"अंड्यातून निघतं ना ते?"

"निघतं."

"मग दोन पंख, चार पाय, शेपूट, सगळं अंड्यात मावायला नको? खसखशीहून बारीक अंडं असेल तर पंख ठेवणार कुठं? घडी घालून, ट्रंकेत?"

"खरं हाय तिचं," दत्तराव गंभीर झाले. "वीस बैलांचं बी येवढ्याशात मावत न्हाई."

"बापू, तुमी कोणाच्या बाजूनं हाव?"

"लिहा," कमल म्हणाली. तिचा आवाज ऐकून बन्सीधरने मुकाट्याने लिहिलं: अंडं खसखशीएवढं. त्याहून लहान नाही.

चांगुणाने अक्षरं जुळवून ते दोनदा वाचलं. तरी विश्वास नाहीच. मग कमलने कळशीवर फडकं दुहेरी बांधलं, वर चिमूटभर खसखस टाकली, पाणी ओतलं. खसखस वरच राहिली. पोरीने फडकं उचलून कळशीत डोकावून पाहिलं.

"आधी आबा पितील."

दत्तराव प्याले.

"आता काका."

बन्सीधर कुरकुरत प्याला. पोर कितीतरी वेळ दोघांचे पाय निरखत बसली. कमलला वाटलं, त्या पेल्यानेच या तिघांना एकेक ठेवून द्यावा.

शेवटी चांगुणाने पेला तोंडाला लावला. एक घोट. दोन. कमल मोजत होती. पाचव्या घोटाला पोर थांबली.

"आई, आनारशाला खसखसच लावतेत ना?"

"दिवाळीला सहा महिने आहेत," कमल दात आवळून म्हणाली. "पेला संपव."