मागची भिंत

सर्वेक्षण संपलं त्या दिवसापासून मालन कांबळेचं घर रोज चार बोटं अरुंद व्हायला लागलं, आणि जेवढं अरुंद होई तेवढं आत लांबत जाई.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सूतगिरणीमागच्या वस्तीतली घरं महिला मंडळानं स्वतः मोजली होती. पद्धत ठरलेली. आपलं घर आपण मोजायचं नाही. घरातल्या माणसानं टेपचं टोक मागच्या भिंतीला लावून ‘धरलंय!’ म्हणून ओरडायचं, मग मंडळाच्या बाईनं दारात आकडा वाचून खडूनं नंबर घालायचा. नियम मालनचाच होता आणि टेपही तिच्याच हातात. दोनशे बारा घरं मोजून झाली. वस्तीत होती दोनशे तेरा. टेप जिच्याकडे तिचं घर राहील कसं, असं सगळ्याजणी धरून चालल्या.

“टोक धरायला सगळ्यांना दटावून घरी बसवलंस, आणि तुझंच राहिलं?” शेजारची रशिदाभाभी म्हणाली.

मालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादी कचेरीत गेली होती. यादीत घर नाही म्हणजे नव्या इमारतीत खोली नाही. आता पडताळणीचे साहेब येतील त्या बुधवारीच काय ती दुरुस्ती होणार होती.

तोवर घर थांबायला तयार नव्हतं. आधी खाट उभी करावी लागली, मग मांडणी बाहेर आली. दोन्हीकडचे शेजारी न हलता जवळ आले. मालन अंग आडवं करून आत शिरायची आणि सासूला चहा न्यायची. पोहोचेपर्यंत चहा निवलेला असायचा.

“आत्या, चला बाहेर. रशिदाभाभीकडं झोपा.”

“आन् माप घ्यायला आले म्हंजी टोक कोन धरंल?” म्हातारी म्हणाली. “घरात मानूस नगं व्हय?”

मंगळवारी मालनला आत शिरता आलं नाही. तिनं फटीत तोंड घालून हाका मारल्या. बऱ्याच वेळानं लांबून ओ आली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

बुधवारी अकराला साहेब आले. सत्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी नंबरच्या घरांमध्ये आता जेमतेम एक बोट जाईल एवढी फट होती.

“इथं घर कुठंय?” साहेबांनी विचारलं.

“टेप लावा, साहेब. आत माणूस आहे.”

साहेब सज्जन होते. त्यांनी शंभर फुटी टेपचं टोक फटीत सरकवलं. आतून ते कुणीतरी घेतलं. टेप सरसर आत जायला लागली. दहा फूट, तीस फूट, सत्तर. मंडळाच्या बायका फूट मोजत उभ्या होत्या.

“धरल्याचं सांगितल्याशिवाय मला आकडा लिहिता येणार नाही,” साहेब म्हणाले. “तुमच्याच मंडळाचा नियम आहे.”

“माहितीये,” मालन म्हणाली.

शंभर फूट झाले. टेप डबीतून सुटली. मालननं झडप घालून सुटं टोक पकडलं आणि फटीला तोंड लावलं. “आत्या! धरलं का?”

फार लांबून आवाज आला.

“भित लागंना गं अजून!”

रशिदाभाभीनं दोरीवरचं वाळत घातलेलं लुगडं ओढलं आणि टेपच्या टोकाला गाठ मारली. ते आत गेलं. त्याला मंडळातल्या सुगंधाची साडी बांधली, तिला पारूची. घराघरांतून साड्या यायला लागल्या, आणि साहेब पेन उघडून उभे राहिले.

“आत्या!”

या खेपेला उत्तर आलं नाही, पण साडी अजून आत जात होती.