अक्षयाची रजा

परदेशातून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. आलास कधी, आणि परत जाणार कधी? मधल्या मधे तो माणूस कसा आहे, हे विचारायला कुणाला सवड नसते.

कसालहून मालवणकडे जाणारा रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक वाडी लागते. तिथल्या बाबली गावकरांच्या पडवीत बसून त्यांची मुलगी अक्षया गेले तीन आठवडे हे दोन प्रश्न ऐकत होती. दिवाळी सरली होती, भात कापून झालं होतं, लोक जरा मोकळे होते. येणारा-जाणारा अंगणात डोकावायचा. अक्षया नुसती हसायची आणि उत्तर तिची आई यशोदा द्यायची.

"थंय शाळेक सुट्टी आसा. रजेर इली आसा."

रजा वगैरे काही नव्हती. अक्षयाला थायलंडच्या सरकारने परत पाठवलं होतं, आणि ही गोष्ट वाडीत फक्त तीन माणसांना ठाऊक होती. तिला, आईला आणि बापाला.

झालं होतं ते असं. अक्षया इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. कसालच्या बाजारात गुरुदास सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे, तिथे ती जायची. सरांची एका संस्थेशी ओळख होती. ही संस्था तिकडच्या खेड्यांतल्या शाळांत इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक पाठवायची. राहणं-जेवण फुकट, पगार नाही, वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र. अक्षयाने एकदा विचारलं होतं, "सर, व्हिसाचं काय?" सर म्हणाले, "अगं, भारतीयांना तिकडे फिरायला जायचं तर सध्या व्हिसाच लागत नाही. तिकीट काढायचं आणि बसायचं. पुढचं संस्था बघते."

फिरायला जाणं आणि शिकवायला जाणं यात फरक असेल, अशी शंका घरात कुणालाच आली नाही. उलट बाबलींनी ती गोष्ट आपल्या परीने पटवून घेतली होती. वाडीत रीतच तशी आहे. लावणीच्या दिवसांत माणसं एकमेकांच्या शेतात जातात, दिवसभर चिखलात वाकतात, मजुरी घेत नाहीत. त्याला कुणी काम म्हणत नाही, हात लावणं म्हणतात. "पगार नाय तर काम कसला?" बाबली म्हणाले होते. "आमचा चेडू थंय हात लावूक जाता." आणि सगळ्या वाडीने माना डोलावल्या होत्या.

अक्षयाने तिकडे हात लावला तो मन लावून. मुलांना तिचं नाव म्हणता येईना, ती तिला 'टीचर छाया' म्हणायची. सातव्या आठवड्यात वर्गात दोन अधिकारी आले. त्यांनी पासपोर्ट पाहिला आणि म्हणाले, तुम्ही पर्यटक म्हणून आलात. शिकवायला वेगळा व्हिसा लागतो आणि कामाचा परवाना लागतो. तो कुठे आहे?

"मी पगार घेत नाही," अक्षया म्हणाली. "मी स्वयंसेवक आहे."

"पगाराचं आम्ही विचारलंच नाही," त्यातला वयस्कर अधिकारी म्हणाला. त्याने फळ्याकडे बोट केलं. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग हे काम झालं. आमच्याकडे पगाराविना केलेलं कामही कामच असतं."

तो माणूस चढ्या आवाजात बोलला नाही, आणि अक्षयाला नंतर तेच जास्त आठवत राहिलं. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. संस्थेचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. नऊ दिवस ती तीस बायकांबरोबर एका कुलूपबंद लांबट खोलीत राहिली. मग तिला विमानात बसवलं. पुढची काही वर्षं तिथे कामाचा परवाना मागायचा नाही, असंही बजावलं.

तेव्हापासून तिला काहीच वाटत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, निदान आईला समजूत घालता आली असती. ती उठायची, विहिरीवर जायची, सांगाल ते करायची. एकदा नारळ खवायला बसली आणि करवंटीचा काळा भुगा पडेपर्यंत खवत राहिली. यशोदाने तिच्या हातातली करवंटी काढून घेतली तेव्हा तिने आईकडे असं पाहिलं, की आईच घाबरली. बांगड्याचं तिखलं पुढे ठेवलं तरी ती विचारत नसे की आज काय केलंय. मालवणी मुलीचं याहून वाईट लक्षण दुसरं नाही.

आणि तिकडे कसालच्या बाजारात तिचा हसरा फोटो टांगलेला होता. 'आमची विद्यार्थिनी, परदेशात शिक्षिका.' सरांनी हौसेने लावलेला फलक. तिला परत पाठवलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाबलींनी त्यांनाही रजाच सांगितली होती.

त्या फलकाने जे करायचं ते केलं. शेजारची किशोरी एका सकाळी उड्या मारतच अंगणात आली.

"गो अक्षया, माझापण नंबर लागलो! मंगळवारी जातंय. आये आयकाच नाय होती. तुझो फोटो दाखवलंय तेवा 'जा' म्हणाली." ती अक्षयाच्या शेजारी बसली. "माका सांग, थंय कपडे खंयचे घेव?"

अक्षयाने तिच्याकडे पाहिलं. सांगायचं ते सगळं तोंडाशी होतं. पण ते तोंडाशीच राहिलं.

"सुती घे," ती म्हणाली. "थंय गरमी आसा."

किशोरी गेली. पडवीच्या दुसऱ्या टोकाला तुळसा काकी कोकमाच्या बिया निवडत बसली होती. वाडीत सगळ्यांची काकी. चौदा वर्षं मस्कतला एका घरी स्वयंपाक करून आलेली, जिभेने तिखट आणि नजरेने त्याहून. बाबली आणि यशोदा पडवीपुढच्या खळ्यात होते. काकीने सूप बाजूला ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"सुती कपडे. बरा सांगितलंस गो. आणि धरून नेतले तेवा काय घालूचा, ता पण सांगूचा होता."

बाबली खळ्यातून वर आले. "काकी, काय बोलतस?"

"रजेर इल्लो माणूस खाऊ हाडता, बाबली. शेजाऱ्यांक साबण तरी हाडता. ह्या चेडू एक पिशी घेऊन इला. तीन आठवडे बघतंय मी. कोणाक सांगूक नाय. पण आता ती किशोरी जातली."

लपवण्यात अर्थ नव्हता. यशोदाने पदर तोंडाला लावला. बाबली खांबाला टेकून बसले आणि हळूच म्हणाले, "चोरी नाय केल्यान गे तिना. पगार नाय घेतल्यान. आमी लावणेक दुसऱ्याच्या शेतात जातंव, ती काय चाकरी?"

"शेजाऱ्याच्या शेतात तू जातस, कारण तो तुका वळखता आणि उद्या तो तुझ्या शेतात येतलो," काकी म्हणाली. "थंय तुका कोण वळखता? तुझो कागद वळखता. दुसऱ्याच्या बांधार पाय ठेवलो काय नेम तेचो. फुकट राबतंय म्हणून नेम सुटणा नाय."

"ता कळला आता. पण लोकांक कसा सांगू? पोलिसान धरलेला चेडू म्हणतले. उद्या तिच्या लग्नाचा बघूचा आसा."

काकीने तोंड बाबलींकडून फिरवलं. मग बोलली ती अक्षयाकडे बघून.

"मी मस्कताक दोनदा गेलंय. पयल्यांदा एका माणसान पाहुणी म्हणून धाडलेली, कामाचो कागद नाय. तीन म्हयन्यांनी परत धाडल्यानी. गावात येऊन मी काय सांगितलंय, ठावक आसा? हवा मानवाक नाय म्हणून सांगितलंय. माझी लाज रवली. आणि चार म्हयन्यांनी खालच्या वाडीतली विमला त्याच माणसाच्या हातून गेली. तिचो पासपोर्ट काढून घेतल्यानी. परत येवक तिका अडीच वर्सा लागली. तिचो झील, पोटचो पोर, तिका वळखी नाय होतो."

"विमला मावशी?" यशोदा म्हणाली. "ती तर तुझ्याकडे रोज येता."

"येता. गोड बोलता. तिका ठावकच नाय." काकीने सूप परत मांडीवर घेतलं. "तिना शिव्या घातल्यान असत्यो तर माका सोसल्यो असत्यो. ह्या गोड बोलणा सोसणा नाय, रातचा जेवाण उतरणा नाय."

अक्षया ऐकत होती. तिला अजूनही काही वाटत नव्हतं. पण नऊ दिवसांच्या त्या खोलीत तीस बायका होत्या, आणि आता तिला त्यांत एकतिसावी दिसू लागली. किशोरी, नवीन सुती कपड्यांत.

रविवारी सकाळी देवळात किशोरीच्या प्रवासाचं गाऱ्हाणं होतं. वाडीतलं कुणी लांब निघालं की देवापुढे नारळ ठेवायचा, गावकराने देवाला मोठ्याने सगळं सांगून मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आपली चाल. गाऱ्हाण्याचा मान बाबलींचा. किशोरीच्या आईने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "भावोजी, गाऱ्हाण्यात तुमच्या अक्षयाचा नाव घेवा हां. तिच्यासारखा होऊंदे म्हणा." बाबली बरं म्हणाले होते. नाही कसं म्हणणार?

गुरुदास सरही आले होते. हातात शाल होती, सत्कारासाठी. चाळीसेक माणसं जमली. बाबलींनी नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाशी जो नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या वाटेत जो काय अडथळो आसात, तो दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबली थांबले. मग आवाज एकदम खाली गेला. "जशी आमची अक्षया मानान गेली आणि मानान परत इली, तशीच ही किशोरी..."

"व्हय म्हा..."

"नाय."

बायकांच्या घोळक्यातून आला तो आवाज. फार मोठा नव्हता. एस.टी. रद्द झाली हे सांगावं तशा सुरात अक्षया म्हणाली, "बाबा, देवाक खोटा सांगू नकात. मी मानान नाय इलंय. माका धरून परत धाडल्यानी."

अक्षयाने मग सगळं सांगितलं. फळा, अधिकारी, खोली, विमान. आवाज कुठे चढला नाही की कापला नाही. सर पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पण अक्षया, स्वयंसेवकाला परवाना कशाला? पगार तर नाही. संस्थेने मला तसंच सांगितलं होतं."

"सर, तुम्ही त्या देशाच्या वकिलातीला विचारलं होतं का?"

सरांनी हातातली शाल काखेत मारली. माणूस लबाड नव्हता. त्याने विचारलं नव्हतं, एवढंच. आपल्याकडची निम्मी संकटं लबाड माणसांपेक्षा न विचारणाऱ्या भल्या माणसांनी आणलेली असतात.

किशोरीने तिचे आभार मानले असतील असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही झालं नाही. "माका पडवीत सांगूक काय झाला होता?" एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. तेव्हा बाबली पुन्हा देवाकडे वळले. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि या खेपेला आवाज मोठा लावला.

"बा देवा म्हाराजा! आमचा चेडू कागद नसताना गेला. थंयच्या सरकारान तेका परत धाडल्यान. ता आमी लाजेपोटी लपवलंव. गावाक फसवलंव. चूक चेडवाची एक, आणि आमची दहा. ती पदरात घे म्हाराजा!"

मग मागून एक म्हातारा आवाज आला, तुळसा काकीचा. "व्हय म्हाराजा." आणि त्यामागून साऱ्या देवळातून, छप्पर हलेल असं, "व्हय म्हाराजा!"

अक्षया तिथेच खाली बसली आणि महिन्याभरात पहिल्यांदा रडली, हुंदके देऊन, नाक ओढत, लहान पोरीसारखी. यशोदाने तिला थांबवलं नाही.

संध्याकाळी सरांनी स्वतः शिडी लावून कसालचा फलक उतरवला. किशोरी मंगळवारी गेली नाही. पंधरा दिवस ती अक्षयाशी बोललीही नाही. मग एक दिवस वही घेऊन पडवीत आली आणि म्हणाली, "काय काय विचारूचा ता सांग. मी लिवन घेतंय." तुळसा काकी त्या दिवशी पडवीत नव्हती. ती खालच्या वाडीत गेली होती, विमलाच्या घरी. तिथे काय बोलणं झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही. विमला पुढे कितीतरी दिवस तिच्याकडे आली नाही. काकी मात्र रात्रीची नीट जेवू लागली.

मंडळी, आपल्या मुलांनी जग बघावं, शिकवावं, शिकावं. त्यांना अडवू नका. पण निघण्याआधी त्या देशाच्या वकिलातीला एक प्रश्न विचारा: जे करायला जातोय, त्यासाठी कुठला व्हिसा आणि कुठला परवाना लागतो? सेवा म्हणून केलं, फुकट केलं, तरी बहुतेक ठिकाणी ते कामच धरतात. कागद स्वतःच्या हातात आल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. आणि कुणाचं पोर हात हलवत परत आलं, तर त्याला परत कधी जाणार ते विचारू नका. काय झालं ते विचारा, आणि पोर सांगेल ते ऐकून घ्या. त्याची लाज झाकायला आपण जी शाल घालतो, ती डोळ्यांवर ओढून पुढचं पोर त्याच खड्ड्याकडे चालत जातं.