विसाव्यातली फेरी

मधुमेह निघाल्यावर ओतिलियाने गोड पाव सोडला, कॉफीतली साखर सोडली, सरबतं सोडली. सोडला नव्हता तो फक्त दान्सोनचा नाच. वेराक्रूस बंदराच्या चौकात बँड लागला, की नवऱ्याचा, एलिओदोरोचा, हात धरून ती नाचायला उतरायचीच.

इतकं करूनही लघवीतून जाणारी प्रथिनं अजून कमी झाली नाहीत, असं डॉक्टर नोएमीने सांगितल्यावर तिला रडूच कोसळलं. थोरल्या बहिणीचे शेवटचे दिवस डायलिसिसच्या खुर्चीत गेले होते. आता तीच खुर्ची तिला दिसायला लागली.

"गोळ्या घेते, रोज तासभर नाचते. आणखी काय करू? माडावर चढू?"

"चढू नका, पडाल," डॉक्टर हसली. "अहो बाई, तुमच्या अंगात इन्सुलिन भरपूर आहे. पेशीच त्याचं ऐकत नाहीत. ते बिचारं दार ठोठावतंय आणि आतले कानात बोळे घालून बसलेत. मूत्रपिंडातल्या गाळणीचंही तेच. तिच्या पेशींनाही इन्सुलिनचं ऐकावं लागतं, नाहीतर गाळणी सैल पडते. स्नायू राबले, की ते इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतात. मग हळूहळू बोळेही निघतात."

"मग माझे स्नायू काय झोपा काढतात?"

डॉक्टर डोंगराकडची, या बंदरात नवी. रविवारी ती स्वतःच चौकात आली. बँडने सुरुवातीची धून धरली आणि सगळी जोडपी जागच्या जागी उभी राहिली. बायकांनी पंखे उघडले, पुरुषांनी टोप्या उचलून नमस्कार केले. मग थोडं नाचणं, की पुन्हा तीच धून, पुन्हा सगळे उभे. डॉक्टर पोट धरून हसायला लागली.

"हा नाच आहे की बसचा थांबा? तासातला निम्मा वेळ तुम्ही वारा घेताय!"

ओतिलिया चाट पडली. त्या धुनीवर उभं राहायचा विसावा नाचातच येतो, मग तो नाचच की. वेराक्रूसमध्ये कुणी तो कधी वेगळा धरला नव्हता.

"आपण विसाव्यात चालू या का?" घरी तिने भीत भीत विचारलं.

"विसाव्यात हलायचं नसतं!" एलिओदोरो कडाडला. याच गुन्ह्यासाठी त्याने जावयाशी नातू होईपर्यंत अबोला धरला होता. "मी मेलो तरी हलणार नाही."

"तू कशाला मरशील? मरेन मी."

त्याच्यासमोरची कॉफी तशीच निवून गेली.

पुढच्या रविवारी ती धून आली. पंखे उघडले. ओतिलियाही उभी राहिली. तिचाच पाय उचलेना. तेवढ्यात दंडाला हिसका बसला.

"चल."

"कुठे रे?"

"चौकाला फेरी. पाय उचल, म्हातारे!"

कानापर्यंत लाल झालेला एलिओदोरो बायकोला घेऊन झपझप निघाला. भेटेल त्याला टोपी उचलत होता. "विसाव्यात नमस्कार करायचा असतो," तो गुरगुरला. "उभं राहूनच करायचा, असं कोण म्हणालं?"

"सासरेबुवा, आता अबोला कुणी कुणाशी धरायचा?" जावई ओरडला.

"गप, ढेरपोट्या! तूही चाल!"

सगळा चौक खदखदून हसला. जावई खरंच मागे लागला, त्याच्यामागे आणखी दोन जोडपी. नाचाची चाल सुरू व्हायला सगळे धापा टाकत आपापल्या जागी हजर.

असे कितीतरी रविवार गेले. घरीही जेवण झालं, की एलिओदोरो तिला गल्लीतून फिरवून आणायचा. गोळ्या चालूच होत्या. पावसाळा सरता सरता नवी तपासणी झाली.

"गळती निम्म्यावर आलीय," डॉक्टर म्हणाली. "पार गेली नाही, पण गाळणी सावरतेय. डायलिसिसचं नाव आत्ता काढायचं नाही. फेऱ्या मात्र सोडू नका."

ओतिलिया धावतच चौकात आली. धून नुकतीच सुरू झाली होती. तिने सांगितलं. भर विसाव्यात, सगळी मंडळी फेरीला निघालेली असताना, एलिओदोरो एकटाच थांबला आणि त्याने तिच्यासमोर टोपी उचलली.

"अख्ख्या चौकाला नमस्कार करून झाला," तो डोळे पुसत म्हणाला. "तुलाच राहिला होता. आता चल लवकर."