काकूंच्या नावाचा जंत

कुणाच्या नावाने रस्ता असतो, कुणाच्या नावाने शाळा, अगदी काही नाही तर बागेतला एखादा बाक तरी. काकूंच्या नावाने जंत होता. वटवाघळाच्या आतड्यात राहणारा, फितीसारखा चपटा, पट्टकृमींपैकी एक. सरांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्याने, तो ऐन तरुणपणी शोधून काढला होता. ही जात आजवर जगात कुणी पाहिलेली नाही, असं त्यांनी रीतसर छापून आणलं, आणि छापून येईतो लग्न झालेलं असल्यामुळे तिला नव्या नवरीचं नाव देऊन टाकलं. एवढ्यावर न थांबता त्याचं शाईने काढलेलं चित्र चौकटीत बसवून लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला भेटही दिलं.

"माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्याने अंगठी दिली," काकू आल्यागेल्याला सांगत. "आमच्या ह्यांनी जंत दिला. ज्याचं त्याचं नशीब."

ती चौकट बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या वर टांगलेली होती. कुणाला तो नदीचा नकाशा वाटे, तर एका विमा एजंटाने "कुणी शिवणकाम करतं का?" असं विचारून चहा मिळण्याची शक्यता कायमची घालवली होती. काकू त्या जंताला येताजाता नावं ठेवत, पण चौकटीच्या काचेवर धुळीचा कण टिकू देत नसत. घरात दुसऱ्या कुठल्याही काचेचं एवढं भाग्य नव्हतं. ही गोष्ट चिमटीच्या नजरेतून सुटली नव्हती, आणि म्हणूनच तर तिचं घोडं अडलं होतं.

चिमटी ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी सरांनी हातात दिलेला बारीक चिमटा तिने संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही, तेव्हा हे नाव पडलं ते पडलंच. सर निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेतलं त्यांचं टेबल, त्यांची खुर्ची आणि त्यांची वटवाघळं तिच्याकडे आली. गावाबाहेरच्या एका धान्याच्या गोदामात छताच्या पंख्याला आपटून वटवाघूळ मेलं की तिथला चौकीदार तिला फोन करी. मग ती स्कूटरला बर्फाचा निळा डबा अडकवून निघे. हा निळा डबा सहलीला न्यायचा नाही, हे तिच्या नवऱ्याला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावं लागलं होतं.

जंत काढायचा म्हणजे घाईचं काम नव्हे. तो डोक्यावरच्या हुकांनी आतड्याला घट्ट धरून बसलेला असतो. ओढला की तुटतो, डोकं आतच राहतं, आणि डोकं गेलं की जंताची ओळखच गेली. "ओढायचं नाही," सर सांगत. "पाण्यात ठेवा. कंटाळला की स्वतः सोडेल." मग त्याला थंड पाण्यात घालून दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवायचं. तिथे तो सैल पडतो, लांब होतो, आणि त्यानंतरच टिकवण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये जातो. जिवंत जंत थेट फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर अंग चोरतो, आखूड आणि जाडा होतो, त्याच्या आतलं सगळं जागचं हलतं. हा सरांचा पहिला धडा होता. तो मोडणाऱ्याला सर असं काही झापत की कॉरिडॉरमधले शिपाई बाजूला होत.

आता झालं असं, की इतकी वर्षं वटवाघळं उघडूनही चिमटीला काकूंचा जंत एकदाही सापडला नव्हता. सरांनाही पुन्हा सापडला नव्हता. त्यांचे सगळे नमुने एका दिवशी एकाच वटवाघळातून निघालेले. चिमटीला सारखी सापडे ती एक जुनी, सगळ्यांना माहीत असलेली जात. ती लांब नि सडपातळ, आणि तिच्या प्रत्येक खंडात तीन वृषणं त्रिकोणात मांडलेली. काकूंचा जंत आखूड नि जाडजूड, आणि त्याची तीन वृषणं एका ओळीत. फरक उघड होता. पण एकदा सहज म्हणून तिने दोघांच्या डोक्यावरचे हूक मोजले, तर संख्या तीच, आकार तोच. तिच्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या वटवाघळात भरपूर जंत निघाले. तिने त्यांचे दोन गट केले. अर्धे सरांच्या धड्याप्रमाणे थंड पाण्यात ठेवले आणि उरलेले, मनातल्या मनात सरांची माफी मागून, थेट फॉर्मॅलिनमध्ये बुडवले. रंगवून, स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पहिला गट म्हणजे ती जुनी जात. दुसरा गट म्हणजे हुबेहूब काकू.

तिला आधी आनंद झाला, कारण ती शेवटी सरांचीच विद्यार्थिनी होती. मग पुढचं ध्यानात आलं. दोन जाती एकच निघाल्या तर आधी ठेवलेलं नाव टिकतं आणि नंतरचं पुसलं जातं, असा शास्त्राचा नियम. सरांनी आयुष्यात नाव ठेवलेली ही एकच जात, आणि ती त्यांच्याच शिकवणीने त्यांच्याच चिमटीने पुसायची. छापायचं नाही म्हटलं तर खोटेपणा, छापायचं म्हटलं तर कृतघ्नपणा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी रविवारी सकाळी ती स्लाइडची पेटी घेऊन सरांच्या घरी गेली आणि काकूंच्या गुडघ्याबद्दल बोलत बसली. गुडघा संपल्यावर ती पडद्यांच्या रंगावर आली.

"हे बघ," काकू चहाचा कप तिच्या हातात देत म्हणाल्या, "ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. पेटीत काय आहे?"

चिमटीने न बोलता दोन स्लाइड काढल्या. खिडकीपाशी सरांचा जुना सूक्ष्मदर्शक कायम मांडलेला असे. सरांनी पहिली स्लाइड लावली. "ही आपली नेहमीची." दुसरी लावली आणि ते खुर्चीत ताठ झाले. त्यांनी काकूंना हाक मारली. "अगं, इकडे ये. तुझी सापडली. इतक्या वर्षांनी सापडली." मग त्यांनी डोळा न उचलताच विचारलं. "कुठल्या वटवाघळातली गं, चिमटे?"

"दोन्ही एकाच, सर." तिला हुंदका आवरेना. "दुसरा जंत मी थंड पाण्यात ठेवलाच नाही. थेट बुडवला."

सर पुन्हा डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले.

"हूक?"

"तेच. संख्याही तीच."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "अगदी बरोबर. जन्मभर मी पोरांवर ओरडलो, घाई करू नका म्हणून. आणि मीच..." मग ते काकूंकडे वळले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की चिमटीला ती पेटी खिडकीबाहेर फेकून द्यावीशी वाटली. "तुझ्या नावाचं आता जगात काही उरलं नाही गं."

काकू सोफ्यावरच्या चौकटीकडे पाहत उभ्या होत्या. पदराचं टोक हातात होतं, पण त्यांनी काच पुसली नाही.

"जंत थंड पाण्यात किती वेळ ठेवायचा असतो गं?" त्यांनी चिमटीला विचारलं.

"दोन-तीन तास."

"आणि तुम्हाला त्या दिवशी थिएटरवर किती वाजता यायचं होतं?"

"कुठल्या दिवशी?" सर म्हणाले.

काकूंनी त्यांचा नाद सोडला आणि चिमटीकडे मोर्चा वळवला. "लग्नाच्या आधी आम्ही पहिल्यांदाच सिनेमाला जाणार होतो. मी तिकिटाच्या खिडकीपाशी उभी. लोक बघतायत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे आले धावत, घामाघूम, आणि अंगाला तुमच्या त्या औषधाचा वास. आत बसलो तर आमच्या मागची अख्खी रांग उठून दुसरीकडे जाऊन बसली. उशीर का झाला विचारलं, तर म्हणाले, जंत सापडला. ह्याच्या आधी कधी बघितला नव्हता असा. तोच ना हा?"

सरांचं तोंड उघडं राहिलं. "हो की. तोच." मग हळूहळू म्हणाले, "रोज थांबायचो. त्या दिवशी तेवढे दोन-तीन तास थांबलो असतो तर..."

"तर मी थांबले नसते," काकू म्हणाल्या.

सरांच्या खांद्यांना आधी हसू फुटलं आणि नंतर तोंडाला. हसता हसता त्यांना पुन्हा चष्मा पुसावा लागला. चिमटी तर उघडच रडत होती आणि हसतही होती, आणि चहा बशीत सांडत होता.

"म्हणजे तो अंग चोरून बसला तो माझ्यापायी," काकू म्हणाल्या. "मग तो माझाच. नाव राहो नाहीतर जावो. आणि ती चौकट काढायला कुणी उठू नका, मी सांगून ठेवते." खरोखरच अर्धवट उठलेले सर पुन्हा बसले.

मग काकूंनी चिमटीला तिने लिहून आणलेला लेख वाचून दाखवायला सांगितला. तिने कागद काढले आणि नाक ओढत, जड शास्त्रीय भाषेची जमेल तशी फोड करत वाचू लागली. काकू मधूनच मान डोलवत होत्या. त्यांना हूक समजले नाहीत, वृषणांपाशी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण शेवटच्या परिच्छेदाला त्यांनी कान टवकारले.

"'मूळ नमुने'," चिमटी वाचत होती, "'थंड पाण्यात सैल न करता घाईने फॉर्मॅलिनमध्ये बुडवले गेल्यामुळे आकसले असावेत.'"

"असावेत कशाला?" काकू म्हणाल्या. "आकसले, असं लिही. साक्षीदार मी आहे."