नशा ओळखणारा ऑर्विल

आमच्या केंटकीच्या डोंगरात डेल्बर्ट स्टिडमसारखं व्हायोलिन कुणी वाजवत नाही. त्याने गज फिरवला की गाई आपणहून बादलीपाशी येतात, हे मी पाहिलंय. कोंबडे ठेका धरतात, हे मात्र नुसतं ऐकलंय. दर जत्रेतल्या वादनाच्या स्पर्धेत पहिला नंबर त्याचा, दुसरा पोलीस ऑर्विल टॅकेटचा. ऑर्विलचा जळफळाट असा, की हिवाळ्यात त्याच्या छपरावर बर्फ ठरत नसे.

हा ऑर्विल साधासुधा शिपाई नव्हे. दारूसाठी फुंकायचं यंत्र आहे, गांजा-गोळ्यांचं तसं नाही. म्हणून गाडीवाल्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या, नाडी आणि तोल पाहून नशा ओळखायचं खास शिक्षण त्याने घेतलेलं. कोर्टात त्याचं मत तज्ज्ञाचं म्हणून चाले.

जत्रेच्या सकाळी त्याने डेल्बर्टची गाडी अडवली. डेल्बर्टची उजवी बाहुली बशीएवढी, डावी वाटाण्याएवढी. दोन बाहुल्या सारख्या नसतील तर बहुधा नशा नव्हे, दुखणं समजावं आणि डॉक्टर गाठावा, ही तर त्या शिक्षणातली बाराखडी. शिवाय डेल्बर्ट सांगत होता, की शेतातला धोत्रा उपटता उपटता डोळा चोळला गेला. आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक, धोत्र्याचा हात डोळ्याला लावू नये, बाहुली फुगते. पण ऑर्विलला मागच्या सीटवरचं व्हायोलिन तेवढं दिसत होतं. दुखऱ्या गुडघ्याच्या डेल्बर्टला त्याने एका पायावर उभं केलं, आणि तो कलंडताच बेड्या घातल्या. अहवालात लिहिलं, बाहुल्या मोठ्या. संध्याकाळी जत्रेत पहिला नंबर ऑर्विलचा आला.

डेल्बर्ट शाळेची बस चालवी. दोषी ठरला की बस गेली. रक्तात काही सापडलं नाही, तरी सरकारी वकील अडून बसले: रक्तात सगळंच सापडत नाही, आमच्या तज्ज्ञाने डोळ्यांनी पाहिलंय.

साक्षीच्या दिवशी न्याहारीला बढाया मारता मारता ऑर्विलने ती बशी-वाटाण्याची गोष्ट बायकोला हसत सांगून टाकली. व्हर्ना हसली नाही.

"मग डॉक्टर का नाही बोलावलास?"

"कोण विचारणारे? रस्त्यावर आम्ही दोघंच होतो."

"ऑर्विल, गोळी खाल्लेल्याची नशा दुपारपर्यंत उतरते. तुझी जळण्याची नशा वर्षानुवर्षं चढलेलीच आहे. त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत कुणी टॉर्च मारला असता ना, तर बेड्या तुलाच पडल्या असत्या."

कोर्टात बचावाच्या वकीलबाई, आयोना पार्टलो, नेहमीचेच प्रश्न विचारत गेल्या. त्यातच एक: "दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो! ऑर्विलचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. चिमणीने आत घरटं बांधून अंडी घातली असती. समोर डेल्बर्ट मान खाली घालून बसला होता.

"नाही," ऑर्विल शेवटी म्हणाला. "सारख्या नव्हत्या. मला दिसलं होतं. तो धोत्र्याचंही बोलला होता. मी लिहिलं नाही, कारण मला जत्रेत जिंकायचं होतं."

खटला तिथेच निकाली निघाला. ऑर्विलचं तज्ज्ञपण गेलं. त्याने पूर्वी पकडलेल्यांचे वकीलही जुनी प्रकरणं उकरायला लागले, आणि उकरावीतच. तो डेल्बर्टच्या दारात माफी मागायला गेला, तेव्हा डेल्बर्ट म्हणाला, माफीचं सवकाशीने बघू, आधी आत तर ये.

मंडळी, तपासणी कितीही शास्त्राची असो, ती शेवटी माणसाच्या डोळ्यांतूनच होते. म्हणून तर आरोपीला वकील हवा, आणि वकिलाला खोदून विचारायची मुभा हवी. आणि ज्याच्यावर आपण जळतो त्यालाच तोलायची पाळी आली, तर तराजू दुसऱ्याच्या हाती देऊन आपण मुकाट्याने बाजूला व्हावं.