थापगल्लीचं नाव

आमच्या वाचनालयात दर रविवारी शहराच्या इतिहासावर व्याख्यान असतं. परवा विषय आमचीच थापगल्ली, म्हणून मी पहिल्या रांगेत बसलो. बायको शेवटच्या रांगेत बसली, ओळख दाखवायला नको म्हणून.

प्रोफेसर म्हणाले, "इथे पूर्वी गवंडी राहत. त्यांच्या थाप्या दिवसभर वाजत, म्हणून थापगल्ली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गल्लीला नाव पडलं ते माझ्या आजोबांच्या थापांवरून. ते वारले तेव्हा ही नवी थाप समजून दोन दिवस कोणी भेटायलासुद्धा आलं नाही. एवढ्या कर्तबगार माणसाचं नाव गवंडी पळवणार, आणि मी नातू बघत बसणार? मी उठून सगळं सांगितलं.

"पुरावा आहे का, काका? माझ्याकडे साठ वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक आहे."

मी खाली बसलो. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "मी आहे ना पुरावा. चाळीस वर्षं त्याच घरात नांदतेय."

हशा ओसरल्यावर प्रोफेसर म्हणाले, "बरं, आजोबांची एखादी थाप सांगा. नोंदवून घेतो."

मी पुन्हा उठलो. "नोंदवलीत की. गवंड्यांची. तुमच्या पुस्तकवाल्याला आजोबांनीच चहा पाजून सांगितली होती."

प्रोफेसरांनी पुस्तक हळूच मिटलं आणि आजोबांचं नाव लिहून घेतलं.

घरी जाताना बायकोने विचारलं, "चहाचं कधी रचलंत?"

"उठता उठता."

"आजेसासऱ्यांचं नाव राखलंत हो," ती म्हणाली.